पंचमीच्या नौका

सण हा जसा काळाने बांधलेला असतो, तसाच तो स्थळानेही घडविलेला असतो. पंचांगात त्याची तिथी एकच असली, तरी डोंगरावरचे गाव तो एका रीतीने साजरा करते आणि नदीकाठचे गाव दुसऱ्या रीतीने. चीन हा देश तर इतका विस्तीर्ण आहे, की त्याच्या उत्तर टोकाला नद्यांवरील बर्फ वितळू लागते, त्या सुमारास दक्षिणेत भाताची लावणी चाललेली असते. अशा देशात एखादा सण सर्वत्र सारख्याच रीतीने कसा बरे साजरा होईल? चीनमधील ‘दुआनवू’ या प्राचीन सणाची हकीकत या दृष्टीने फार उद्‌बोधक आहे. परदेशात हा सण ‘ड्रॅगन-नौकांचा उत्सव’ या नावाने ओळखला जातो. परंतु नौका हे त्याचे एकच अंग होय, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

चिनी पंचांगातील महिना, आपल्या मराठी महिन्याप्रमाणेच, अमावास्येच्या सुमारास सुरू होतो. त्या पंचांगातील पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस म्हणजे दुआनवू. ‘दुआन’ या शब्दाचा अर्थ ‘आरंभ’. आणि ‘वू’ हे पाचव्या महिन्याचे जुने चिन्ह. पाच या अंकाचा उच्चारही ‘वू’ असाच होतो. इंग्रजी महिन्यांप्रमाणे हा दिवस मेच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत केव्हाही येतो. २०२५ साली तो ३१ मे रोजी आला होता, आणि त्या दिवशी आपल्याकडे ज्येष्ठ शुद्ध पंचमी होती.

हा काळ कडक उन्हाळ्याच्या आरंभाचा. हवा दमट होते, अन्न लवकर नासते, विंचूकाटा बिळाबाहेर पडतो आणि रोगराई पसरते. म्हणून प्राचीन चिनी लोक पाचव्या महिन्याला ‘दुष्ट महिना’ म्हणत. साप, विंचू, घोण, बेडूक आणि पाल यांना ते ‘पंचविष’ असे संबोधीत. या पाचांपासून घराचे रक्षण करणे हा सणाचा एक मूळ हेतू होता. त्यासाठी दाराशी दोन वनस्पती टांगण्याची चाल पडली, ती आजतागायत टिकून आहे. एक वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातील असून तिचा वास उग्र असतो. दुसरी म्हणजे आपल्या परिचयाचे वेखंड. वेखंडाचे पाते तलवारीसारखे लांब व टोकदार असते. म्हणून ती रोगांवर उगारलेली तलवारच होय, अशी लोकांची भावना आहे. मुलांच्या मनगटावर पाच रंगांचा दोरा बांधतात आणि सुगंधी वनस्पतींनी भरलेली लहानशी पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवितात. पूर्वी मद्यात मनशीळ कालवून ते मोठी माणसे पीत, आणि त्याच द्रावाने मुलांच्या कपाळावर ‘राजा’ या अर्थाचे अक्षर काढीत. मनशिळेत सोमल असतो, व तो विषारी आहे. हे कळल्यापासून सुज्ञ लोकांनी ते मद्य पिण्याचे सोडून दिले आहे. सणाची रीत जपणे म्हणजे तिच्यातील अपायही जपणे नव्हे, हे त्यांनी योग्य वेळी ओळखले.

या ‘दुष्ट महिन्या’च्या भीतीने माणसांवर अन्यायही होत असे. त्या दिवशी जन्मलेले मूल आईबापांचा घात करते, असा समज होता. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी छी राज्यात त्यान वन् नावाचा मुलगा याच दिवशी जन्मला. त्याला वाढवू नये, असे बापाने फर्माविले. परंतु आईने त्याला गुप्तपणे वाढविले. मुलगा मोठा झाल्यावर त्याने बापाला कारण विचारले. “या महिन्यात जन्मलेले मूल दाराच्या चौकटीइतके उंच झाले, की ते आईबापांना बाधते,” असे बाप म्हणाला. त्यावर मुलाने विचारले, “माणसाचे भाग्य ईश्वर ठरवितो, की दाराची चौकट? चौकट ठरवीत असेल, तर ती उंच करून घ्यावी, म्हणजे झाले!” बाप निरुत्तर झाला. हाच मुलगा पुढे त्या राज्याचा विख्यात प्रधान झाला. ही कथा चीनचा थोर इतिहासकार स्स-मा छ्यान याने आपल्या इतिहासग्रंथात नमूद केली आहे.

मग या सणात नौका कोठून आल्या? त्यासाठी यांगत्सी नदीच्या मध्यप्रदेशात, म्हणजे आजच्या हूबे व हूनान या प्रांतांत गेले पाहिजे. इसवी सनापूर्वी चौथ्या व तिसऱ्या शतकांत तेथे ‘चू’ नावाचे प्रबळ राज्य होते. छ्यू युआन हा त्या राज्याचा मंत्री आणि मोठा कवी. पश्चिमेकडील छिन राज्य सर्वांना गिळंकृत करू पाहत आहे, तेव्हा पूर्वेकडील छी राज्याशी सख्य करावे, असा सल्ला त्याने राजाला दिला. परंतु मत्सरी दरबाऱ्यांनी राजाचे कान भरले. छ्यू युआन दूर केला गेला. राजा छिन राज्याच्या भेटीस गेला तो तेथेच अडकून पडला, आणि बंदिवासातच मरण पावला. पुढच्या राजाने तर छ्यू युआनला दक्षिणेकडे हद्दपार केले. इसवी सनापूर्वी २७८ या वर्षी छिनच्या सैन्याने चू राज्याची राजधानी जिंकली. ज्या अनर्थाची सूचना आपण वारंवार दिली, तो अखेर ओढवला, हे पाहून छ्यू युआनने मिलुओ नदीत उडी घेऊन देह ठेवला.

लोककथा सांगते, की ही वार्ता कळताच काठावरचे कोळी आपापल्या नावा घेऊन धावले. त्यांनी नदी धुंडाळली, परंतु कवी सापडला नाही. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये, म्हणून त्यांनी ढोल वाजविले आणि पाण्यात भात टाकला. नौकांची शर्यत ही त्या शोधाची आठवण, आणि पानात गुंडाळलेला भात ही त्या अन्नाची आठवण होय, असे मानतात. आणखी एका जुन्या कथेप्रमाणे, कित्येक शतकांनंतर एका माणसाला कवीच्या आत्म्याने दर्शन दिले. “तुम्ही टाकलेला भात पाण्यातील नाग खाऊन टाकतो. तेव्हा तो बकाण निंबाच्या पानाने झाकून पाच रंगांच्या दोऱ्याने बांधा, या दोहोंना नाग भितो,” असे त्याने सांगितले, अशी ती कथा आहे.

आज या एकाच प्रदेशात तीन गावी तीन तऱ्हांनी हा सण पाहावयास मिळतो. हूनानमध्ये मिलुओ नदीच्या काठी छ्यू युआनचे मंदिर आहे. शर्यतीपूर्वी नौकेचे ड्रॅगनमुख मंदिरात नेऊन कवीला वंदन करतात, आणि मगच ते नौकेला बसवितात. हूबेमधील झिगुई ही कवीची जन्मभूमी मानली जाते. तेथे हा सण एकदा नव्हे, तर त्याच महिन्याच्या पाचव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या दिवशी असा तीनदा साजरा होतो. तेथील नावाडी वल्ही मारताना जे गीत गातात, त्यात कवीच्या आत्म्याला घरी परत येण्याची आळवणी असते. शेतकरी स्वतः रचलेल्या कविता एकमेकांना म्हणून दाखवितात. यांगत्सीवरील प्रचंड धरणामुळे झिगुईचे जुने शहर पाण्याखाली गेले, आणि छ्यू युआनचे मंदिर उंच जागी हलवावे लागले. गाव हलले, तरी सण मात्र त्या लोकांच्या सोबत नव्या गावी आला. ह्वांगशी येथील रीत अगदीच निराळी. तेथे शर्यत हे मुख्य अंग नसून बांबू, लाकूड व कागद यांची एक ‘दिव्य नौका’ तयार करण्यात येते. तिच्यात देवदेवतांच्या प्रतिमा बसवितात. हा विधी चाळीस दिवस चालतो, आणि पाचव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी नौका यांगत्सीच्या प्रवाहात सोडून देतात. गावाची इडापीडा ती बरोबर घेऊन जाते, अशी तेथील श्रद्धा आहे.

यांगत्सीच्या मुखाकडे जावे, तो सणाचा नायकच बदलतो! सूझौ ही प्राचीन वू राज्याची राजधानी. तेथे लोक स्मरण करतात ते वू झिशू या मंत्र्याचे. शेजारच्या युए राज्याच्या गोड वर्तनावर विश्वास ठेवू नये, असे त्याने आपल्या राजाला बजावले होते. राजाने रागावून त्यालाच आत्महत्या करण्याची आज्ञा केली, आणि त्याचा देह चामड्याच्या पिशवीत घालून नदीत टाकविला. ही गोष्ट इसवी सनापूर्वी ४८४ मधील, म्हणजे छ्यू युआनच्या मृत्यूपूर्वी दोनशे वर्षांची. पुढे अवघ्या अकरा वर्षांत युए राज्याने वू राज्य नष्ट केले. सूझौच्या एका जुन्या वेशीला अद्यापि या मंत्र्याचे नाव आहे.

आणखी दक्षिणेस, झेजियांग प्रांतातील शाओशिंगजवळ, या दिवशी एका मुलीची आठवण निघते. इसवी सन १४३ मध्ये पाचव्या महिन्याच्या पंचमीला नदीच्या देवतेचे स्वागत करताना एक मनुष्य बुडाला. त्याची चौदा वर्षांची मुलगी त्साओ अ ही सतरा दिवस रडत रडत काठाने बापाचा शोध करीत होती. शेवटी तिनेही पाण्यात उडी घेतली. त्या नदीला आज तिचेच नाव आहे, आणि काठावर तिचे मंदिर आहे. कवी, मंत्री आणि एक लहान मुलगी! तिघांची गावे वेगळी, काळ वेगळे; परंतु तिघांच्याही कथेत नदी आहे, आणि जो गेला त्याला विसरावयाचे नाही, हा काठावरच्या लोकांचा निर्धार आहे.

दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात नद्या-कालव्यांचे जाळे पसरलेले आहे. तेथे नौकांना खरे राजवैभव प्राप्त होते. जड लाकडाच्या या लांबलचक नौका सण संपताच गावाजवळच्या ओढ्याच्या किंवा तळ्याच्या चिखलात पुरून ठेवतात. चिखलात हवा लागत नसल्यामुळे लाकूड तडकत नाही व कुजतही नाही. पुढच्या वर्षी सणापूर्वी शुभ दिवस पाहून गावकरी पाण्यात उतरतात, गाळ उपसतात आणि वाजतगाजत नौका वर काढतात. तेथे शर्यतीइतकेच महत्त्व परस्परांच्या भेटीला असते. एका गावाची नौका दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते. यजमान फटाके वाजवून तिचे स्वागत करतात, आणि मग सारे एकत्र जेवतात. यानबू गावची ‘वृद्ध नौका’ आणि ग्वांगझौमधील पानतांग गावची नौका यांच्यात तर मानलेल्या बापलेकांचे नाते आहे. दर वर्षी बाप मुलाच्या भेटीस जातो, आणि मुलगा परतभेटीस येतो! ही प्रथा चारशे वर्षांहून जुनी असल्याचे सांगतात. फोशानजवळ द्येज्याओ येथील कालवे अरुंद व वळणांचे आहेत. तेथे नौका सरळ धावत नाही. भरवेगात काटकोनी वळण घेण्यातच नावाड्यांचे कसब पणास लागते. ग्वांगझौमधील लिएद हे गाव आता उंच इमारतींनी वेढलेले आहे. २००७ नंतर तेथील जुनी घरे पाडून नव्या इमारती उभारल्या गेल्या. परंतु ओढा राहिला, आणि त्याबरोबर नौकाही राहिल्या.

हाँगकाँगमधील ताय ओ या कोळ्यांच्या वस्तीत नौका शर्यतीसाठी नव्हे, तर शांतीसाठी निघतात. मंदिरांतील देवमूर्ती लहान होड्यांत बसवून त्या होड्या ड्रॅगन-नौकांच्या मागे बांधतात, आणि पाण्यात प्राण गमावलेल्यांच्या आत्म्यांना शांती लाभावी, म्हणून वस्तीभर फिरवितात. त्याच हाँगकाँगमध्ये १९७६ साली पहिली आंतरराष्ट्रीय नौकाशर्यत भरली, आणि या जुन्या विधीचे जगभर खेळल्या जाणाऱ्या क्रीडाप्रकारात रूपांतर झाले. फुज्यान प्रांताच्या किनाऱ्यावर आन्हाय येथे तर वेगळीच मौज असते. पाण्यावर आडवा खांब बसवून त्याला तेलकट पदार्थ फासतात, आणि टोकाला पिंजऱ्यात बदक ठेवतात. त्या निसरड्या खांबावरून जो टोकापर्यंत पोहोचेल, त्याला ते बदक मिळते. बहुतेकांना मात्र पाण्याचाच प्रसाद मिळतो!

तैवानमधील यीलान जिल्ह्यात अर्लोंग नदीवर दोन वस्त्यांमध्ये शर्यत होते. तिला पंच नसतो, आणि सुरुवातीची शिटीही नसते. दोन्ही नौकांवर घंटानाद होतो. दोघेही सिद्ध आहेत असे परस्परांना पटले, तरच शर्यत सुरू होते. एकाला आरंभ मान्य नसेल, तर दोन्ही नौका मागे वळतात व पुन्हा प्रयत्न करतात. जिंकण्यापूर्वी प्रतिपक्षाची संमती घेण्याची ही रीत विचार करण्याजोगी आहे.

ग्वीझौ प्रांतातील म्याओ जमातीचा नौकोत्सव त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवसापासून छिंगश्वी नदीवर चालतो. त्यांची नौका तीन पोकळ खोडांची असते : मध्ये मोठे खोड ‘आई’चे, आणि दोन्ही बाजूंस लहान खोडे ‘मुलां’ची. नावाडी बसून नव्हे, तर उभे राहून वल्ही मारतात. वाटेवरचे नातलग भेट म्हणून आणलेली बदके व हंस ड्रॅगनच्या गळ्यात बांधतात. त्यांच्या कथेत छ्यू युआन नाही. एका दुष्ट नागाने कोळ्याच्या मुलाला मारले. कोळ्याने नागाची गुहा पेटवून दिली. मेलेल्या नागाने लोकांना विनंती केली, की माझ्या आकाराची लाकडी नौका करून ती नदीवर फिरवा, म्हणजे मी तुम्हांला पाऊस देईन. अशी ती कथा आहे.

उत्तर चीनमध्ये पाणी कमी. त्यामुळे तेथे नौकांपेक्षा घर आणि अंगण यांनाच अधिक महत्त्व आले. ईशान्येकडील प्रांतांत लोक पहाटे शेताकडे जाऊन दवाने तोंड धुतात आणि सकाळी उकडलेली अंडी खातात. मिंग राजवटीत पेकिंग शहरात या सणाला ‘लेकींचा सण’ म्हणत. लहान मुलींना नटवीत, आणि सासरी गेलेल्या मुली माहेरी येत. तेथे पंचविषांची चित्रे उठविलेल्या गोड वड्याही करीत. विषारी जीव खाऊनच टाकला, म्हणजे त्याची भीती उरली नाही, असा त्यातील गमतीचा भाव! वायव्येकडील गान्सू प्रांतात छिंगयांग येथील स्त्रिया रेशमी कापडावर वाघ, फुले व प्राणी भरून सुगंधी पिशव्या शिवतात. त्यांची ही कला देशभर नावाजलेली आहे.

आता सणाच्या पक्वान्नाकडे वळू. ‘झोंगझी’ म्हणजे चिकट तांदूळ पानात गुंडाळून, दोऱ्याने बांधून उकडलेला पदार्थ. हळदीच्या पानात उकडलेल्या आपल्या पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना पानाचा वास अन्नात कसा उतरतो, हे वेगळे सांगावयास नको. उत्तरेत बोरूच्या जातीच्या गवताची पाने वापरतात आणि आत लाल चिनी बोरे घालून तो पदार्थ गोड करतात. झेजियांगमधील ज्याशिंग येथे आत सोयाबीनच्या रसात मुरविलेले मांस असते. ग्वांगडोंगमध्ये मुगाची डाळ, मांस व खारविलेल्या अंड्याचा बलक घालतात. तैवानमध्ये तर उत्तरेचे लोक तांदूळ आधी परतून मग वाफवितात, आणि दक्षिणेचे लोक कच्चा तांदूळ बांधून पाण्यात उकळतात. झोंगझी गोड असावा की खारा, यावर चिनी लोकांत दर वर्षी मोठ्या चवीने वाद रंगतो.

सणाने देशाच्या सीमाही ओलांडल्या आहेत. व्हिएतनाममध्ये या दिवशी सकाळी आंबविलेला चिकट भात व आंबट फळे खातात. त्याने पोटातील कृमी मरतात, असे मानतात. जपानने इंग्रजी कालगणना स्वीकारल्यावर हा सण ५ मे रोजी आला. आता तो तेथे मुलांचा दिवस असून, काठ्यांवर कापडी मासे फडकवितात. कोरियात त्याचे नाव ‘दानो’. तेथील स्त्रिया वेखंडाच्या पाण्याने केस धुतात व उंच झोपाळ्यांवर झुलतात. पुरुषांच्या कुस्त्या होतात. २००५ साली गांगनुंग येथील दानो उत्सवाला युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले, तेव्हा चीनमध्ये पुष्कळांना वाईट वाटले. ‘आमचा सण दुसऱ्यांनी नेला’, अशी ओरड झाली. वास्तविक गांगनुंगच्या उत्सवात तेथील पर्वतदेवतेची पूजा असते. त्यात ना छ्यू युआन आहे, ना नौका. तो त्यांच्या भूमीत त्यांच्याच रीतीने वाढलेला आहे. परंतु या वादाचा एक चांगला परिणाम झाला. आपल्या घरातील ठेव्याकडे आपलेच दुर्लक्ष झाले होते, याची जाणीव लोकांना झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, म्हणजे १९६६ ते १९७६ या वर्षांत, जुन्या रूढी म्हणून अशा सणांवर आघात झाले होते, आणि पुढेही कित्येक वर्षे या दिवशी साधी सुट्टीही नसे. २००८ पासून दुआनवू ही चीनमध्ये सार्वजनिक सुट्टी झाली. २००९ साली युनेस्कोने चीनच्या दुआनवूलाही तोच मान दिला. त्या वेळी झिगुई, ह्वांगशी, मिलुओ आणि सूझौ या चार ठिकाणच्या चार रीतींची एकत्र नोंद झाली, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणतीही एक रीत ‘खरी’ आणि बाकीच्या ‘खोट्या’, असे कोणी म्हटले नाही.

विद्वानांचे म्हणणेही याला पोषकच आहे. वन् यिदुओ या कवी-संशोधकाच्या मते हा सण छ्यू युआनहूनही प्राचीन असून, ड्रॅगनला आपला पूर्वज मानणाऱ्या दक्षिणेकडील जमातींचा तो मुळात उत्सव होता. स्स-मा छ्यानने लिहिलेल्या छ्यू युआनच्या चरित्रातही पंचमीचा किंवा नौकांचा उल्लेख नाही. म्हणून छ्यू युआनची कथा टाकून द्यावी काय? तसे नव्हे. स्स-मा छ्यान स्वतः त्या नदीकाठी गेला होता, आणि कवीने देह ठेवलेली जागा पाहून त्याच्या डोळ्यांत अश्रू आले, असे त्याने लिहून ठेवले आहे. सण आधी होता, मागाहून लोकांनी त्यात आपापल्या गावचे दुःख ठेवले. ज्यांना राजाचे भय नव्हते व सत्य सांगण्याचा संकोच नव्हता, अशांना राजदरबाराने दूर केले. परंतु काठावरच्या साध्या लोकांनी त्यांना आपले मानले, आणि आजही दर वर्षी ते वल्ही घेऊन त्यांना शोधावयास निघतात. ज्या गावी जशी नदी, तशी तेथील नौका. ज्या गावी जसे पीक, तसे तेथील पक्वान्न. ही विविधता आहे, म्हणूनच हा सण एवढ्या अफाट पसाऱ्यात आजवर जिवंत राहिला आहे.